दोन चित्रपटांचा बॉण्ड : टिमथी डाल्टनचं प्रकरण

व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानातल्या एका कॅफेत साँडर्स नावाचा ब्रिटिश हेरखात्याचा माणूस जेम्स बॉण्डच्या हाती हवी ती माहिती ठेवतो. पहिल्या भेटीपासून दोघांचं वाजलेलं आहे. साँडर्स नियमावर बोट ठेवणारा, बॉण्ड नियम बाजूला सारणारा. इथे मात्र बॉण्ड प्रथमच त्याला मनापासून दाद देतो. साँडर्स निघतो आणि मारेकऱ्याने आधीच बिघडवून ठेवलेलं सरकतं काचेचं दार त्याच्यावर मिटतं. बॉण्ड पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. जमिनीवरून एक फुगा घरंगळत येतो, त्यावर रशियनमध्ये 'हेरांना मृत्यू' असं लिहिलेलं. फुगा त्याच्या हातातच फुटतो. पुढच्या क्षणी तो पिस्तूल काढून, पलीकडे दिसणाऱ्या फुग्यांच्या दिशेने धावतो आणि ते पिस्तूल रोखलं जातं एका लहान मुलावर आणि त्याच्या आईवर.

हा प्रसंग १९८७ सालच्या 'द लिव्हिंग डेलाइट्स'मधला आणि बॉण्डच्या वेषातला नट टिमथी डाल्टन. त्या आई-मुलासमोर पिस्तूल खाली घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी कितीतरी वेळा थांबवून पाहिलं आहे. संताप पूर्ण उतरलेला नाही आणि त्यातच शरम मिसळली आहे. हा हेर तेव्हा पंचवीस वर्षं पडद्यावर होता. या काळात सहकाऱ्याच्या मरणाने तो इतका हललेला फार क्वचित दिसला होता.

डाल्टनच्या वाट्याला बॉण्डचे दोनच चित्रपट आले. १९८६च्या ऑगस्टमध्ये नाव जाहीर झालं, १९८७ आणि १९८९ मध्ये चित्रपट आले आणि १९९४च्या एप्रिलमध्ये त्याने भूमिका सोडल्याचं जाहीर केलं. म्हणजे नावावर जवळजवळ आठ वर्षं, त्यातली शेवटची पाच रिकामी. 'न चाललेला बॉण्ड' हा शिक्का त्याच्यावर बसला आणि बराच काळ पुसला गेला नाही. मला तो शिक्का अन्यायाचा वाटतो. हा माणूस आत आला दुसऱ्याच्या करारामुळे आणि बाहेर गेला दुसऱ्यांच्या कोर्टकज्जामुळे. त्याच्या हातात होता तो फक्त मधला भाग, आणि तो त्याने जीव ओतून केला.

दार कसं उघडलं

भूमिका त्याच्याकडे पहिल्यांदा आली ती १९८६ मध्ये नव्हे. १९६८च्या सुमारास, शॉन कॉनरी बाजूला झाल्यावर, निर्माते अल्बर्ट ब्रोकोली यांनी त्याला विचारलं होतं. वेल्समध्ये १९४६ साली जन्मलेला डाल्टन तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. आपण या भूमिकेला लहान आहोत असं त्याला वाटलं आणि त्याने नाही म्हटलं. ती भूमिका जॉर्ज लेझनबीकडे गेली. मधल्या वर्षांत डाल्टनने रंगभूमीवर शेक्सपिअर केला, १९७० मध्ये पडद्यावर 'वदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ साकारला, १९८३ मध्ये बीबीसीसाठी 'जेन एअर'मधला रॉचेस्टर केला. ही माणसं मनात काहीतरी जळत असलेली, तोंडाने कमी बोलणारी. पुढे बॉण्डमध्ये जे दिसलं त्याची तालीम इथेच झाली होती.

१९८५ मध्ये रॉजर मूर सातव्या चित्रपटानंतर निवृत्त झाला. वय ५७. नव्या नटाचा शोध सुरू झाला. सॅम नीलची पडद्यावरची चाचणी झाली. दिग्दर्शक जॉन ग्लेन आणि निर्मितीतल्या इतरांना तो आवडला, ब्रोकोलींच्या मनात भरला नाही. मग निवड ठरली ती पिअर्स ब्रॉस्ननची. ब्रॉस्ननची 'रेमिंग्टन स्टील' ही दूरचित्रवाणी मालिका एनबीसी वाहिनीने नुकतीच बंद केली होती, त्यामुळे तो मोकळा होता. पण करारात एक अट होती. साठ दिवसांच्या आत वाहिनीला मन बदलता येत होतं. ब्रॉस्नन बॉण्ड होणार या बातमीने मालिकेबद्दलचं कुतूहल एकदम वाढलं आणि वाहिनीने मुदत संपता संपता मालिका पुन्हा सुरू करण्याचा हक्क बजावला. टीव्हीवर दर आठवड्याला दिसणारा चेहरा आपला बॉण्ड असू शकत नाही, असं ब्रोकोलींचं म्हणणं होतं. ब्रॉस्ननच्या हातून भूमिका गेली. ज्या मालिकेपायी हे घडलं तिचे पुढे अवघे सहा भाग निघाले.

भूमिका पुन्हा डाल्टनकडे आली. तो त्या वेळी एका अमेरिकी चित्रपटात अडकला होता. तो संपताच विश्रांती न घेता तो बॉण्डच्या चित्रीकरणावर आला. सप्टेंबर १९८६ मध्ये जिब्राल्टरच्या कड्यावर काम सुरू झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. पटकथा त्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नव्हती. रिचर्ड मायबॉम आणि मायकल विल्सन लिहीत होते तेव्हा बॉण्ड कोण असणार हेच नक्की नव्हतं. मायबॉम १९६२च्या पहिल्या चित्रपटापासूनचे लेखक, विल्सन ब्रोकोलींचे सावत्र चिरंजीव. ज्याला कोणताही नट चालेल अशी संहिता, आणि तिच्यात स्वतःचा ठाम विचार घेऊन उतरलेला नट. पुढची सगळी ओढाताण इथून सुरू होते.

हशाच्या जागा

आपल्याकडे नाटकात गाजलेल्या भूमिकेत दुसरा नट उभा राहतो त्याला सरळ 'रिप्लेसमेंट' म्हणतात. संहिता तीच, हालचाली त्याच, हशा-टाळ्यांच्या जागाही ठरलेल्या. नवा नट त्या जागा घ्यायला नकार देतो तेव्हा विंगेत उभ्या असलेल्यांची धडधड वाढते. डाल्टनने नेमका हाच नकार दिला.

मूरचा बॉण्ड कसा होता हे भारतीय प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको. १९८३ मध्ये त्याने उदयपूरच्या रस्त्यांवरून ऑटोरिक्षा पळवली होती आणि सोबतीला असलेला विजय अमृतराज पाठलाग करणाऱ्यांना टेनिसच्या रॅकेटने बडवत होता. रस्त्यावरची गर्दी टेनिसच्या सामन्यासारखी माना इकडून तिकडे फिरवते. ती मजा खरी होती आणि मूरने बारा वर्षं ती मनापासून पुरवली. पण त्या हेराला कधी मार लागेल, तो कधी घाबरेल, त्याला कधी आपल्या कामाचा वीट येईल, असं वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

डाल्टन इयन फ्लेमिंगच्या पुस्तकांकडे गेला. ती पुन्हा वाचली. १९५३च्या पहिल्याच कादंबरीत छळ सोसून रुग्णालयात पडलेला बॉण्ड नोकरी सोडायचा विचार करतो. हा माणूस माणसं मारतो आणि त्याची किंमत आतून मोजतो. डाल्टनला हा बॉण्ड हवा होता. म्हणून तो सिगारेट ओढतो, चिडतो, थकलेला दिसतो. जिब्राल्टरच्या प्रसंगात धावत्या गाडीच्या टपावर त्याचा स्वतःचा चेहरा दिसतो, कारण शक्य तिथे साहसदृश्यं आपणच करायची हा त्याचा आग्रह होता.

चित्रपटाच्या सुरुवातीला ब्रातिस्लाव्हातला प्रसंग आहे. फ्लेमिंगच्या त्याच नावाच्या कथेत तो बर्लिनमध्ये घडतो. अंधाऱ्या खोलीत बंदूक रोखून बसलेला बॉण्ड, समोरच्या इमारतीत पळून येणाऱ्या माणसावर नेम धरणारी चेलोवादक तरुणी. हुकूम आहे तिला ठार करण्याचा. तो शेवटच्या क्षणी नेम हलवतो आणि बंदूक उडवतो, तिला मारत नाही. साँडर्स तक्रार करण्याची धमकी देतो. त्यावर बॉण्डचं उत्तर असं की वरिष्ठांनी काढून टाकलं तर मी त्यांचे आभारच मानीन. हे वाक्य मूरच्या तोंडी खुसखुशीत झालं असतं. डाल्टन ते म्हणतो तेव्हा आपला विश्वास बसतो की याला खरंच सुटका हवी आहे.

आणि तरी त्याच चित्रपटात, थोड्याच वेळाने, बॉण्ड आणि ती तरुणी चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत सीमा ओलांडतात आणि चौकीवरच्या पहारेकऱ्यांना पासपोर्ट दाखवतात. लेझर बसवलेली अॅस्टन मार्टिन आहे. मालवाहू विमानाच्या मागे लोंबकळणाऱ्या जाळीवरची मारामारी अंगावर काटा आणते, पण शत्रू बॉण्डच्या बुटासकट खाली गेल्यानंतरची कोटी डाल्टनच्या तोंडी उपरी वाटते. टँजिअरमध्ये तारांवर गालिचा टाकून त्यावरून घसरत पळण्याचं दृश्यही चित्रित झालं होतं. जॉन ग्लेन यांनी ते संकलनात काढून टाकलं. मला वाटतं, तो गालिचा वगळला तेव्हा निर्मात्यांना हळूहळू कळू लागलं होतं की आपल्याकडे आता वेगळा नट आहे.

इथे डाल्टनची उणीवही मान्य करायला हवी. कोट्या त्याला जमत नव्हत्या. कॉनरी कोटी फेकून पुढे जायचा, मूर तिच्याभोवती रेंगाळायचा. डाल्टन ती उरकून टाकतो, जणू दुसऱ्याचं ओझं उतरवतो आहे. बॉण्डकडून करमणूक मागणाऱ्या प्रेक्षकाला हा कोरडेपणा खटकला तर त्याला दोष देता येत नाही.

तिकीटखिडकीवर मात्र अपयश नव्हतं. 'द लिव्हिंग डेलाइट्स'ने जगभरात सुमारे १९ कोटी डॉलर मिळवले. मूरच्या शेवटच्या चित्रपटाची कमाई १५ कोटींच्या आसपास होती.

परवाना रद्द

दुसरा चित्रपट डाल्टन कोण आहे हे ठाऊक असताना लिहिला गेला, आणि ते प्रत्येक दृश्यात जाणवतं. 'लायसन्स टु किल'मध्ये जगाचा नाश करू पाहणारा कोणी माथेफिरू नाही. आहे तो लॅटिन अमेरिकेतला अमली पदार्थांचा बादशहा फ्रान्झ सांचेझ. रॉबर्ट डेव्हीने तो असा रंगवला आहे की त्याच्या निष्ठेच्या कल्पनेचंही काही काळ आकर्षण वाटावं. बॉण्डचा जुना मित्र फेलिक्स लायटर याच्या लग्नाच्या रात्रीच सांचेझ त्याच्या पत्नीचा जीव घेतो आणि फेलिक्सला शार्कच्या तोंडी देतो. शार्कचा हा प्रसंग फ्लेमिंगच्या १९५४च्या कादंबरीतला, इतकी वर्षं वापरायचा राहिलेला. बॉण्ड सूड घ्यायला निघतो, हेरखातं त्याचा माणूस मारण्याचा परवाना काढून घेतं आणि पुढचा चित्रपटभर तो कोणाचाच हेर नसतो.

चित्रपटाचं मूळ नावच 'परवाना रद्द' अशा अर्थाचं होतं. अमेरिकेत त्या शब्दांवरून लोकांना वाहन चालवण्याचा परवाना आठवतो असं दिसल्यावर ते बदललं.

अडचणी एकामागून एक आल्या. ब्रिटनमधला खर्च परवडेना म्हणून पाइनवूड स्टुडिओ सोडून मेक्सिको सिटीतल्या चुरुबुस्को स्टुडिओत बिऱ्हाड हलवलं. मार्च ते ऑगस्ट १९८८ अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप चालला, त्यामुळे मायबॉम यांना लेखणी खाली ठेवावी लागली आणि संहिता विल्सन यांनी एकट्याने पुरी केली. चित्रपट तयार झाल्यावर हिंसेमुळे ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने कात्री लावली आणि तरीही पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशबंदी केली. बॉण्डच्या चित्रपटावर अशी बंदी पहिल्यांदाच आली. सुट्टीत मुलांना घेऊन बॉण्ड बघायला जाण्याची ब्रिटिश घरांची जी सवय होती, तिला या एका शिक्क्याने खीळ बसली.

शेवटच्या पाठलागाबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. मेक्सिकालीजवळच्या ला रुमोरोसा या वळणावळणाच्या डोंगररस्त्यावर टँकरचा ताफा, आणि एकापाठोपाठ एक होणारे खरे स्फोट. पण माझ्या लक्षात राहतो तो स्फोटांनंतरचा डाल्टन. कपडे फाटलेले, तोंड रक्ताने माखलेलं, धड उभंही राहवत नाही. सांचेझ पेट्रोलने भिजलेला, हातात मोठा सुरा. बॉण्ड त्याला विचारतो, हे सगळं का केलं ते जाणून घ्यायचं नाही का? आणि लग्नात फेलिक्स दांपत्याने भेट दिलेला लायटर पुढे धरतो. सांचेझला कळतं, त्याच क्षणी ज्योत लागते. त्यानंतर डाल्टन विजयाने उभा राहत नाही. तो एका दगडाशी कोसळून बसतो. सूड पुरा झालेल्या माणसाचं रिकामपण दाखवण्याचं धैर्य या मालिकेत तोवर फारसं कोणी केलं नव्हतं.

१९८९च्या उन्हाळ्यात हे सगळं कोणासमोर उभं ठाकलं ते पाहा. 'बॅटमॅन' जूनमध्ये आला आणि एकट्या अमेरिकेत त्याने २५ कोटी डॉलरचा टप्पा गाठला. 'इंडियाना जोन्स'चा तिसरा भाग आधीच जोरात होता, त्यात बाप म्हणून खुद्द शॉन कॉनरी. 'लीथल वेपन'चा दुसरा भाग जुलैच्या सुरुवातीला. बॉण्ड अमेरिकेत १४ जुलैला पोचला, तोवर गर्दीचे पैसे खर्च झाले होते. तिथे जमले साडेतीन कोटींच्या आसपास, जगभरात मिळून सुमारे १५ कोटी ६० लाख. खर्च ३ कोटी २० लाख डॉलरचा होता, त्यामुळे याला बुडालेला चित्रपट म्हणता येत नाही. पण अमेरिकेतला आकडा हॉलिवूडमध्ये वाचला जातो, आणि तो आकडा डाल्टनच्या नावावर टाकला गेला.

कोर्टातली वर्षं

तिसऱ्या चित्रपटाची तयारी लगेच सुरू झाली. १९९० मध्ये कथेचा आराखडा तयार होता आणि १९९१ मध्ये प्रदर्शनाचा विचार होता. डाल्टनचा करारही तीन चित्रपटांचा होता. मग जे घडलं त्यात नट, लेखक, दिग्दर्शक कोणाचाच संबंध नव्हता.

बॉण्डचे हक्क दोघांकडे होते. एक बाजू ब्रोकोलींच्या डांजॅक कंपनीची. ती त्यांनी हॅरी सॉल्ट्झमन यांच्याबरोबर उभी केली, नाव दोघांच्या पत्नींच्या नावांतून बनवलं. दुसरी बाजू स्टुडिओची, कारण सॉल्ट्झमन यांनी आपला हिस्सा १९७५ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सला विकला होता. ती कंपनी पुढे एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत मिसळली. १९९० मध्ये जियानकार्लो पारेत्ती या इटालियन अर्थपुरवठादाराच्या पाथे कम्युनिकेशन्सने एमजीएम विकत घेतली. इतका पैसा उभा करायचा तर जुन्या चित्रपटांचे प्रक्षेपणहक्क आगाऊ विकणं हा एक मार्ग होता. त्या गठ्ठ्यात बॉण्डचे चित्रपटही गेले, आणि तेही कवडीमोलाने, असं डांजॅकचं म्हणणं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. पारेत्तीला १९९१ मध्ये बाजूला व्हावं लागलं, स्टुडिओची सूत्रं कर्ज देणाऱ्या क्रेदी लिओने या फ्रेंच बँकेकडे गेली आणि भांडण मिटायला १९९२ संपत आलं.

या काळात माणसं गळत गेली. मायबॉम जानेवारी १९९१ मध्ये वारले. सुरुवातीपासून शीर्षकदृश्यं करणारे मॉरिस बाइंडरही त्याच वर्षी गेले. पाच चित्रपट केलेले जॉन ग्लेन परत आले नाहीत. ब्रोकोलींची प्रकृती खालावत चालली. डाल्टनच्या कराराची मुदत कोर्टाच्या तारखांमध्येच संपून गेली.

१९९३ मध्ये नव्या चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा ब्रोकोलींना डाल्टनच हवा होता. डाल्टनने पुढे मुलाखतीत सांगितलं आहे त्यानुसार तो एका चित्रपटासाठी तयार होता. आधीच्या दोन चित्रपटांतलं जे चांगलं ते एकत्र करून एक शेवटचा, असं त्याच्या मनात होतं. ब्रोकोलींचं म्हणणं रास्त होतं. इतक्या वर्षांच्या खंडानंतर एक चित्रपट करून निघून जाता येणार नाही, चार-पाच करावे लागतील. डाल्टनने विचार केला आणि नाही म्हटलं. चार-पाच चित्रपट म्हणजे उरलेलं सगळं मध्यमवय. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, रंगभूमीवर वाढलेल्या नटाने दिलेला तो नकार मला अगदी समजतो.

पुष्कळांना वाटतं की त्याला काढलं. तसं दिसतही होतं, कारण स्टुडिओतल्या काही जणांना नवा चेहरा हवा होता. पण ब्रोकोलींनी त्याचा हात शेवटपर्यंत सोडला नव्हता, आणि सुटण्याचा निर्णय डाल्टनचा होता. १९९१ मध्ये तिसरा चित्रपट वेळेवर झाला असता तर त्याच्या नावावर निदान तीन चित्रपट असते, आणि तिसरा त्याच्यासाठीच लिहिलेला असता. तो कसा झाला असता हे दुसऱ्या चित्रपटाकडे पाहून मला थोडंफार दिसतं, आणि तो झाला नाही याची हळहळ वाटते.

२००६ मध्ये डॅनिअल क्रेगचा रक्ताळलेला, चुका करणारा, वरिष्ठांना न जुमानणारा बॉण्ड आला तेव्हा अनेक समीक्षकांनी डाल्टनचं नाव घेतलं. प्रेक्षक मधल्या काळात बदलले होते, आणि क्रेगला एक सोय मिळाली होती जी डाल्टनला पहिल्या चित्रपटात मिळाली नाही. त्याच्या चित्रपटात चेलोची पेटी नव्हती. संहिता आणि नट एकाच दिशेला बघत होते.

डाल्टनने एप्रिल १९९४ मध्ये निवेदन दिलं. ८ जून १९९४ रोजी लंडनमध्ये पत्रकारांपुढे नवा बॉण्ड उभा केला गेला, पिअर्स ब्रॉस्नन. रॉबिन्सन क्रूसोच्या भूमिकेसाठी वाढवलेली दाढी त्याच्या चेहऱ्यावर होती. आठ वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या कराराने हुकलेली भूमिका घ्यायला तो त्या दाढीसह आला होता.